मधुमेही मांजरातील रक्तशर्करेची अनिश्चितता : कारणमीमांसा व व्यवस्थापन
(विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

बीजसंज्ञा : मार्जार मधुमेह, रक्तशर्करा, इन्सुलिन, मात्रा, आहार, साठवण

प्रस्तावना :

मधुमेह हा केवळ माणसाचा आजार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रत्यक्षात मांजरातील मधुमेहाचे मानवातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी विलक्षण साम्य आहे. शरीराने इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे, स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशीपुंजांत अ‍ॅमिलॉइड साचणे आणि पुढे स्रवणक्षमताच खालावणे हे दोहोंत दिसते. मध्यमवयीन, स्थूल, निर्बीजीकरण केलेला व घरातच वावरणारा बोका हा या आजाराचा नमुनेदार रुग्ण होय. अतिशय पाणी पिणे, वारंवार लघवी करणे, भरपूर खाऊनही रोडावणे ही प्रमुख लक्षणे असून काही मांजरे मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागतात.

वर्धा जिल्ह्यातील पशुवैद्यकीय सेवा मुख्यतः गाई-बैल, म्हशी व शेळ्या यांच्याभोवती उभी राहिली. गवळाऊ गोवंशाच्या या प्रदेशात ते स्वाभाविकही होते. मांजराच्या मधुमेहासारख्या आजारात तज्ज्ञ सल्ल्यासाठी पालकांना नागपूरचा, विशेषतः १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा, आधार घ्यावा लागतो. निदान नागपुरात होते; उपचार मात्र वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी येथील घरात, दिवसातून दोन वेळा, पालकाच्याच हातून होतात. मात्रा तीच असताना सकाळी ३८०, सायंकाळी ९० आणि दुसऱ्या दिवशी ४२० असे आकडे दिसू लागले की पालक गोंधळतो व मात्रा वरखाली करू लागतो. ही अस्थिरता पुष्कळदा आजारात नसून मापनात, सिरिंजमध्ये, अन्नाच्या वाटीत वा औषधाच्या बाटलीत असते. म्हणून मात्रेला सर्वात शेवटी हात घालावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आकड्याची विश्वसनीयता :

भयग्रस्त मांजराची रक्तशर्करा मधुमेह नसतानाही ३०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर जाऊ शकते. टोपलीत कोंडून एस.टी.ने नागपूरपर्यंत सुमारे ७५ कि.मी. आणलेल्या, वाटेत भेदरलेल्या व दवाखान्यात कुत्र्यांच्या भुंकण्याने गारठलेल्या मांजराचा आकडा त्याच्या आजारापेक्षा प्रवासाविषयीच अधिक सांगतो. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन ही तपासणी उपयुक्त ठरते, कारण तिच्यातून मागील एक ते तीन आठवड्यांतील सरासरी स्थिती कळते.

घरी कानाच्या कडेला बारीक टोचून घेतलेला थेंब दवाखान्यातील नमुन्यापेक्षा अधिक खरा असतो. मात्र येथेही एक अडचण आहे. माणसाच्या रक्तात ग्लुकोजचा मोठा वाटा तांबड्या पेशींत असतो. मांजरात तो जवळजवळ सर्वच, म्हणजे सुमारे ९३ टक्के, रक्तद्रवात असतो. परिणामी माणसांसाठीचा ग्लुकोमीटर मांजराची शर्करा बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. एकच यंत्र सातत्याने वापरले तर चढ-उताराची दिशा तरी कळते. दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय. याशिवाय रोजच्या पाण्याचे माप व आठवड्याला एकदा वजन या नोंदींना खर्च नाही, आणि त्या ग्लुकोमीटरइतक्याच बोलक्या असतात.

चाळीस आणि शंभर :

पाश्चात्त्य ग्रंथांत ४० युनिट प्रति मि.लि. इन्सुलिन प्राण्यांचे व १०० युनिटचे माणसांचे, असा भेद सांगितलेला असतो. भारतात तो लागू पडत नाही. येथे औषधदुकानात माणसांसाठी मिळणाऱ्या बाटल्या बहुतांशी ४० युनिटच्याच आहेत आणि त्यांच्यासोबत लाल टोपणाची सिरिंज मिळते. मांजरांना उपयुक्त ठरणारे ग्लार्जिन मात्र १०० युनिटचे असते व त्यासाठी नारिंगी टोपणाची सिरिंज लागते.

घरात आजोबांना मधुमेह असेल तर लाल टोपणाची सिरिंज कपाटात असतेच. तिने ग्लार्जिन '२' या खुणेपर्यंत ओढले, तर ०.०५ मि.लि. द्रव येतो आणि त्यात २ नव्हे, ५ युनिट असतात. चार किलोच्या मांजरासाठी, ज्याची सुरुवात बहुधा १ युनिटने होते, ही मात्रा प्राणघातक ठरू शकते. उलट, ४० युनिटचे औषध नारिंगी सिरिंजने त्याच खुणेपर्यंत घेतल्यास ०.८ युनिटच मिळते. घरातील दोन व्यक्ती दोन वेगळ्या सिरिंजा वापरत असतील, तर 'अनाकलनीय' चढ-उताराचा शोध तेथेच संपतो. अर्ध्या युनिटची खूण असलेली ३० युनिटची नारिंगी सिरिंज मिळवणे श्रेयस्कर. ग्लार्जिनमध्ये पाणी मिसळून ते सौम्य करू नये; त्याचा दीर्घकालीन परिणाम त्याच्या आम्लधर्मी द्रावणावरच अवलंबून असतो.

आजोबांचे ३०/७० मिश्र इन्सुलिनही मांजराला देऊ नये. मांजरात त्याचा प्रभाव बारा तास टिकत नाही. शर्करा झपाट्याने उतरते व तितक्याच झपाट्याने चढते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये नव्याने निदान झालेल्या २४ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी कर्बोदकांच्या आहारासह ग्लार्जिन दिलेली आठही मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. प्रोटामिन झिंक गटात आठपैकी तीन, तर लेन्टे गटात दोन. नमुना लहान असला तरी फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

वाटीतील दूध-पोळी :

मांजर हे काटेकोर मांसाहारी आहे. जेवणानंतर आलेले ग्लुकोज झटकन उचलणारे ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात अत्यल्प असते. दूध-पोळी, दूधभात, बिस्किटे यांनी शर्करा चढते व बराच काळ चढलेलीच राहते. कोरड्या दाणेदार खाद्यातही पिष्ट बरेच असते. ओले, प्रथिनप्रधान खाद्य अधिक योग्य. नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर दीर्घकाळ ठेवल्यास टॉरिन व कॅल्शियम यांची उणीव भासते. शाकाहारी कुटुंबांची अडचण खरी आहे, तथापि मांजराच्या शरीरधर्माला ती बदलू शकत नाही. आहारबदल हळूहळू व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा, कारण कर्बोदके कमी होताच इन्सुलिनची गरजही घटते आणि जुनी मात्रा जड होते. चार घरचे खाणाऱ्या मांजराबाबत तर शेजाऱ्यांना सांगून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

उन्हाळा आणि बाटली :

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले टाकून द्यावे. वीज नसताना ओल्या मातीच्या मडक्याचा उपाय पुष्कळ जण करतात. तो बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात गुणकारी, पण दमट श्रावणात निष्प्रभ ठरतो.

मात्रा केव्हा बदलावी :

वरील बाबी तपासूनही अस्थिरता राहिली, तर बारा तास दर दोन तासांनी शर्करा मोजून आलेख काढावा. दिवसातील नीचांक ८० ते १५० दरम्यान असणे इष्ट. मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, एका वेळी अर्धा युनिट व पाच-सात दिवसांच्या अंतरानेच बदलावी. इंजेक्शन नीट गेले की नाही याची शंका आली तरी ते पुन्हा देऊ नये. एक मात्रा चुकल्याने मांजर दगावत नाही, दुप्पट मात्रेने दगावू शकते. मांजराने अन्न नाकारल्यास इंजेक्शनपूर्वी पशुवैद्यकाला विचारावे. ६० च्या खाली आकडा, लडखडणे वा झटके दिसल्यास हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळून, गिळता येत असल्यास अन्न देऊन, तत्काळ पशुवैद्यकाशी संपर्क साधावा.

मात्रा वाढत जाऊनही शर्करा उतरत नसेल, तर दातांचा वा मूत्रमार्गाचा संसर्ग, स्वादुपिंडदाह आणि खाजेसाठी दिलेले दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड इंजेक्शन यांचा शोध घ्यावा. इंजेक्शनची नोंद पालकाकडे क्वचितच असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,२२१ मधुमेही मांजरांच्या पाहणीत सुमारे चौथ्या हिश्श्यात वाढीच्या संप्रेरकाच्या आधिक्याचे संकेत आढळले.

याउलट, काही आठवड्यांच्या उपचारानंतर त्याच मात्रेवर आकडे अचानक उतरू लागले, तर तो मांजराचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागल्याचा संकेत असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवून मात्रा कमी करून घ्यावी.