कढीपत्त्यावरचा सुरवंट

लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले असल्याने, पॅपिलिओ डिमोलियस हे शास्त्रीय नाव असलेल्या लिंबू फुलपाखराची मादी या झाडांच्या कोवळ्या पालवीवर फिकट पिवळी अंडी सुटी सुटी घालते. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, त्यामुळे शत्रूच्या नजरेतून सुटणारी अळी शेवटच्या कातीनंतर, म्हणजे जुनी त्वचा टाकल्यावर, हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचा दुभंगलेला अवयव बाहेर येतो, आणि हे संरक्षण खरोखर विलक्षण आहे.

घरात अळी वाढवताना हवेशीर डब्यात कीटकनाशक न फवारलेली ताजी पाने रोज द्यावीत व विष्ठा काढून टाकावी, कारण ओलसरपणामुळे बुरशी धरते. कात टाकण्यापूर्वी निश्चल बसलेल्या अळीला मात्र हात लावू नये. पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवून जागा शोधत भटकू लागली की डब्यात उभी काडी ठेवावी, म्हणजे ती शेपटाकडचे टोक काडीला चिकटवून व कमरेभोवती रेशमी धागा गुंफून कोष होते. कोषातून बाहेर पडलेल्या फुलपाखराचे चुरगळलेले पंख शरीरातील द्रव शिरांत शिरल्यावर पसरतात, म्हणून त्याला लोंबकळण्यापुरती मोकळी जागा अत्यावश्यक असते. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. या परजीवी कीटकांची पिल्ले यजमानाला आतून खाऊन वाढलेली असतात.