शिंगापासून बिगुलापर्यंत

● नावाचे मूळ : लॅटिनमध्ये ‘बुकुलुस’ म्हणजे गोऱ्हा. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘ब्यूगल’ आला आणि मराठीत त्याचा बिगूल झाला. आपले ‘शिंग’ही संस्कृत ‘शृंग’वरून आलेले. दोन्ही वाद्यांनी गुराढोरांचा वारसा नावात जपला आहे.

● रचना : गुंडाळलेली धातूची नळी आणि पसरट तोंड. साध्या बिगुलाला एकही कळ नसते. वादक केवळ ओठांचा ताण आणि फुंक यांवर स्वर काढतो. लष्करी संकेत मुख्यतः पाच स्वरांतच बसवलेले असतात.

● उपयोग : ‘लास्ट पोस्ट’ ही बिगुलाची धून मुळात ब्रिटिश छावणीत दिवस संपल्याची खूण. आज ती हुतात्म्यांना दिलेली मानवंदना आहे. बेल्जियममधील ईप्र शहराच्या मेनिन गेटपाशी ती १९२८ पासून रोज रात्री आठला वाजते. खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्यात.

● भावंडे : बाकदार तुतारी आजही लग्नात, मिरवणुकीत, पाहुण्यांच्या स्वागताला घुमते. कवी केशवसुतांनी १८९३ मध्ये कवितेत तिलाच नव्या विचारांची ललकारी केले. ज्यू समाज नववर्षाला मेंढ्याच्या शिंगाचा ‘शोफार’ फुंकतो.

● बोलीत : लढा सुरू झाला की रणशिंग फुंकले जाते, निवडणूक जाहीर झाली की बिगूल वाजतो.