तासाचा कारभार मुलांकडे

बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरील जिल्हा परिषद शाळांत क्रीडाशिक्षक सहसा नसतोच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा प्रत्येक शाळेला मैदान मागतो. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तरच.

मग खेळ मुलांनीच ठरवला तर? शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मस्का मॉस्टन यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात तेच मांडले: निर्णय शिक्षकाकडून टप्प्याटप्प्याने मुलांकडे जावेत. आधी दोन-तीन खेळांतून निवड, मग गट पाडणे, शेवटी नियम. लंगडी ठरली की फक्कीने मैदान आखणे, वेळ धरणे, भांडण मिटवणे हे सगळे त्या आठवड्याच्या म्होरक्याकडे. म्होरक्या बदलता हवा, नाहीतर एकच दांडगा पोरगा वर्षभर मिरवतो आणि मुली कडेला बसून राहतात. पहिलीतल्या धाकट्याला लिंबूटिंबू करून खेळात घ्यायला तर मुलांना कुणी शिकवलेले नसते!

गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुले वर्गात आली, की त्यांच्या गावाकडच्या नियमांनी एक डाव लगोरी व्हावी. गुरुजींनी शिट्टी खिशात ठेवावी. रस्ता, विहीर आणि उन्हावर तेवढे लक्ष असू द्यावे.