‘वर्ण : गोरी’ आणि त्यामागची डबी

विवाह परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत शिक्षण, उंची, गोत्र आणि आजोळ यांच्या रांगेत ‘वर्ण’ हा रकाना अजूनही आढळतो. मुलाच्या माहितीत तो रिकामा राहिला तरी कोणी हटकत नाही. मुलीचा मात्र भरावाच लागतो आणि सावळ्या मुलीचे आईवडील तेथे ‘निमगोरी’ लिहून सुटकेचा निःश्वास टाकतात. श्यामवर्ण नेमिनाथांपुढे रोज हात जोडणाऱ्या घरांतही हेच चालावे, हे नवल!

या रकान्यावर मोठी बाजारपेठ उभी आहे. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने रंग उजळला की नोकरी आणि वर दोन्ही मिळतात, हे जाहिरातींतून घरोघरी बिंबवले. २०२० मध्ये कंपनीने ‘फेअर’ शब्द वगळून ‘ग्लो’ केला. त्याच वर्षी अमेरिकेतील भारतीय महिलांच्या याचिकेनंतर ‘शादी डॉट कॉम’ने त्वचेच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. शब्द बदलले, लग्न ठरताच ‘आता जरा चेहऱ्याकडे बघ’ असे सुनावणारी मावशी बदलली नाही.

अशा वेळी पार्लरमधून वा ओळखीतून एखादी बिननावाची डबी घरात येते. अकोल्यातील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना स्थानिक पार्लरमधून घेतलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. २०२३ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण समोर आले. पारा त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफ आणि सामाईक टॉवेल यांमुळे क्रीम न लावणाऱ्या तान्ह्या बाळापर्यंतही तो पोहोचू शकतो. भारतीय नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळण्यास मनाई आहे.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. अशी मलमे आरंभी चेहरा नितळ करतात. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाली चढते, मुरमे आणि लव वाढते. घाबरून मलम थांबवले की चेहरा भडकतो, म्हणून ते पुन्हा सुरू होते. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद केली. तरी ती औषध दुकानांत सहज मिळतात. समाजातील कित्येक कुटुंबांची औषधांची आणि सौंदर्यप्रसाधनांची दुकाने आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ माजघरातला नाही, गल्ल्यावरचाही आहे. उत्पादकाचे नाव, परवाना वा आयात नोंदणी क्रमांक नसलेला माल नफा कितीही देवो, फळीवर ठेवण्याजोगा नाही.

ओळखण्याची आणखी एक खूण सराफांना चटकन पटेल. ‘सोन्याचांदीचे दागिने दूर ठेवा’ अशी सूचना डबीवर असेल, तर आत पारा असण्याचा संशय घ्यावा. पारा लागला की सोने पांढरे पडते, हे पेढीवरच्या नवख्या मुलालाही ठाऊक असते.

ज्यांनी असे क्रीम लावले आहे त्यांनी पायांवर सूज वा लघवीला फेस दिसताच ते बंद करून लघवीची तपासणी करावी आणि डबी डॉक्टरांना दाखवावी. स्टेरॉइडचे मलम मात्र त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सोडावे.