बॉल पायथन जेवत नाही, तेव्हा आधी काय मोजाल?

'व्हेरिएबल', 'कंट्रोल', 'कन्फाउंडिंग' हे शब्द संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. नेट-सेटला त्यावरचे प्रश्न सुटतातही. पण समोर खरी अडचण आली की आपण सगळे एकच करतो: हाताला लागेल ते बदलून बघतो आणि काम झालं की शेवटच्या उपायाला श्रेय देतो. आज यासाठी एक वेगळं उदाहरण घेऊया. न जेवणारा पाळीव अजगर.

हा आपल्याकडचा अजगर नव्हे. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, त्यामुळे तो घरी पाळणं हा गुन्हा आहे. आपण बोलतोय ते बॉल पायथनबद्दल. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, साधारण सव्वा ते दीड मीटरचा साप. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून हे नाव. घाना, टोगो, बेनिन या देशांतून हे साप मोठ्या संख्येने अमेरिका-युरोपात गेले. तिथे पाळणाऱ्यांची याच्याबद्दल नेहमीची तक्रार एकच: "जेवतच नाही हो!"

आता समजा, एका माणसाचा बॉल पायथन दोन महिने जेवलेला नाही. तो पेटीचं तापमान वाढवतो, लपायला नवी जागा ठेवतो, उंदराऐवजी उंदराचं छोटं पिल्लू देतो, भक्ष्य गरम करून देतो, आणि दिवसाऐवजी रात्री देतो. तिसऱ्या आठवड्यात साप जेवतो. तो सगळ्यांना सांगत सुटतो, "रात्री द्या, नक्की खातो."

यात चूक कुठे आहे, ते शोधण्याआधी साप का जेवत नाही ते समजून घेऊ.

पहिलं कारण तापमान. सापाच्या शरीराचं तापमान बाहेरच्या उष्णतेवर चालतं, आणि पचन हे अजगरासाठी फार खर्चिक काम आहे. बर्मीज पायथनवरच्या प्रयोगांत मोठ्या जेवणानंतर चयापचयाचा वेग चाळीस पटींपर्यंत वाढलेला मोजला गेला आहे. अंगात पुरेशी ऊब नसेल तर गिळलेलं नीट पचत नाही, साप ते ओकून टाकू शकतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश, असा फरक ठेवतात. साप स्वतः जागा निवडतो.

दुसरं कारण असुरक्षितता. हा साप रानात दिवसा बिळात, वाळवीच्या वारुळात बसून राहतो. उघड्या काचेच्या पेटीत त्याला लपता आलं नाही, किंवा त्याला सारखं हातात घेतलं, तर खाणं ही त्याच्या यादीतली शेवटची गोष्ट होते.

तिसरं, भक्ष्य ओळखता न येणं. अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की या खाचांमागच्या चेतापेशींत 'ट्रिपए१' नावाचं प्रथिन उष्णतेला प्रतिसाद देतं. फ्रीजमधून काढून नुसता वितळवलेला उंदीर या खाचांना जवळजवळ दिसतच नाही. तो कोमट पाण्यात ठेवून अंगाएवढा गरम करून द्यावा लागतो. वासाचंही तसंच. नायजेरियातल्या वर्षावनात झालेल्या अभ्यासात लहान बॉल पायथनच्या पोटात मुख्यतः पक्षी सापडले, मोठ्यांच्या पोटात उंदरासारखे प्राणी. तेव्हा उंदीर हेच त्याचं 'नैसर्गिक' अन्न, हेही आपलंच गृहीतक.

चौथं कारण सगळ्यात महत्त्वाचं: काहीच बिघडलेलं नसणं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर होतात, तेव्हा बहुतेक साप खात नाहीत. प्रजननाच्या काळात प्रौढ बॉल पायथन काही महिने उपाशी राहतो. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून साधारण दोन महिने बसते, तेव्हाही तिचं खाणं बंदच असतं. हे उपास आपोआप सुटतात.

आता वरच्या माणसाकडे परत या. त्याने पाच गोष्टी एकत्र बदलल्या आणि सहावी गोष्ट, म्हणजे वेळ, तिच्या गतीने बदलत होतीच. काहीच न करता साप त्याच आठवड्यात जेवला असता का? हे त्याला कधीच कळणार नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'कंट्रोल ग्रुप' असा जो रकाना असतो, तो नेमका याच प्रश्नासाठी असतो. आणि त्याच्याकडे साप किती? एक.

पण मग त्याने एकेक गोष्ट बदलून, प्रत्येकी तीन आठवडे थांबायला हवं होतं का? इथे थांबा. प्रयोग म्हणून ते बरोबर आहे, पण सापासाठी नाही. पेटी थंड आहे हे थर्मामीटरने कळल्यावर ती तशीच ठेवून आधी लपायची जागा तपासत बसणं म्हणजे आपल्या आलेखासाठी प्राण्याला त्रास देणं. ऊब, आर्द्रता, आडोसा या मूलभूत गोष्टी एकदम दुरुस्त करा. मग दहा-बारा दिवस हात लावू नका. त्यानंतरच भक्ष्याचा आकार, प्रकार, वेळ हे एकेक करून बदला. उपचार आणि प्रयोग यांचे हेतू वेगळे आहेत. दोन्ही करायला हरकत नाही, पण उपचारातून प्रयोगाचा निष्कर्ष काढू नका.

आता शीर्षकातला प्रश्न. बहुतेक लोक 'जेवला की नाही' एवढंच लिहून ठेवतात. पण काळजीचं खरं माप वजन आहे. दीड किलोच्या प्रौढ सापाचं आठ आठवड्यांत ४५ ग्रॅम वजन घटलं तर ते तीन टक्के, वाट बघता येते. ७० ग्रॅमच्या पिल्लाचं तेवढंच वजन गेलं तर ते जगणारच नाही. म्हणून दर आठवड्याला, त्याच काट्यावर वजन घ्या आणि टक्केवारी लिहा.

लांबी मोजून चालेल का? नाही. मार्शल मॅक्यू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथनसह तीन जातींचे साप सुमारे सहा महिने उपाशी ठेवले होते. काहींचा चयापचयाचा वेग ७२ टक्क्यांपर्यंत खाली आला, आणि त्या उपासातही सापांची लांबी वाढली! म्हणजे लांबी बघून "छान वाढतोय" म्हणणारा माणूस उपाशी साप बघत असू शकतो. चुकीचं माप कितीही अचूक घेतलं तरी चुकीचंच उत्तर देतं.

थांबायचं कधी, हेही आधीच ठरवून लिहा. वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, तोंडात पू किंवा फेस दिसला, श्वासाला आवाज येऊ लागला, तर प्रयोग बंद आणि पशुवैद्याकडे. जबरदस्तीने भक्ष्य घशात ढकलणं घरी करायचं नाही. त्याने तोंडाला इजा होते आणि घाबरलेला साप आणखी दिवस खात नाही. जिवंत उंदीर पेटीत सोडून जाऊ नका, न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एक 'न जेवणारा साप' घ्या: न वाढणारं कल्चर, न जुळणारी रीडिंग्ज, काहीही. वहीत चार ओळी लिहा. मी काय मोजतोय? ते खरंच योग्य माप आहे का? काहीच केलं नाही तर काय होईल? आणि मी कधी थांबणार? गाईडकडे जाण्याआधी या चार ओळी तयार असतील, तर पुढची चर्चा उपायांवर न घसरता प्रश्नावर राहील.