ऐकू न येणं आणि ‘डेफ’ असणं : दोन वेगळ्या गोष्टी



आजचा एपिसोड जरा उलटा आहे. नेहमी मी आधी बोलतो आणि मग ते लिहून इथे टाकतो. आज आधी लिहिलं आणि मग रेकॉर्ड केलं. कारण ज्या व्यक्तीमुळे हा विषय घेतला, ती तो ऐकणार नाहीये. वाचणार आहे.

माझी एक मावसबहीण आहे. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून ताई. जन्मापासून कर्णबधिर. पॉडकास्ट सुरू केला तेव्हा मी फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली, सगळ्यांचे अंगठे आणि फुलं आली. ताईने मात्र मला वेगळा मेसेज केला : “सगळे म्हणतात भारी आहे. मी काय करू?” एवढंच. तेव्हापासून प्रत्येक एपिसोड लिहूनही टाकायला लागलो. मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. तो किती मोठा होता हे नंतर कळलं, ते पुढे सांगतो.

आधी शब्दांचं बघू

मराठीत आपण कसे बोलतो बघा. कुणी लक्ष दिलं नाही की “बहिरा झालास का रे?” दातांचे डॉक्टर इंजेक्शन देऊन हिरडी ‘बधिर’ करतात. म्हणजे शब्दातच काहीतरी बंद पडल्याची भावना आहे. त्यात ‘मूकबधिर’ हा शब्द अजून पाट्यांवर दिसतो. ताईला तो अजिबात आवडत नाही. तिचं म्हणणं सरळ आहे : “मी मूक कुठेय? दिवसभर बोलते. हाताने बोलते.”

इंग्रजीत 1970च्या दशकापासून एक सोय झाली. ‘डेफ’ शब्द लहान अक्षराने सुरू केला तर त्याचा अर्थ ऐकू न येणं, कानाची अवस्था. तोच शब्द मोठ्या अक्षराने सुरू केला तर अर्थ होतो एक समाज, ज्याची स्वतःची भाषा आहे, रीतीभाती आहेत, इतिहास आहे. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. म्हणून आज मी कानाबद्दल बोलताना ‘कर्णबधिर’ म्हणेन आणि समाजाबद्दल बोलताना ‘डेफ’.

आणि हो, त्यांच्याकडे आपल्यालाही एक नाव आहे. ‘हिअरिंग’. आपल्याला ऐकू येतं ही आपली ओळख असू शकते, हे आपल्या कधी डोक्यातच येत नाही ना? मलाही ते ताईकडूनच कळलं.

“ओठ वाचता येतात ना?”

हा प्रश्न सगळे विचारतात. एक प्रयोग करा. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि आवाज न काढता म्हणा : पाय, बाय, माय. पुन्हा म्हणा. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. क आणि ग तर घशाजवळ तयार होतात, ओठांवर त्यांचा पत्ताच नाही. म्हणजे ओठ वाचणं हे बरंचसं अंदाज बांधणं आहे. समोरच्याला मिशी असेल, तो मान वळवून बोलत असेल किंवा चारजण एकदम बोलत असतील, तर तो अंदाजही संपला.

श्रवणयंत्राचंही तसंच. चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसतं, पण यंत्र लावलं की शब्द स्पष्ट होतो असं नाही. यंत्र आवाज मोठा करतं. मग बोलणं मोठं होतं, तसा पंखा, रिक्षा आणि कुकरची शिट्टीही मोठी होते.

याउलट, खुणांची भाषा डोळ्यांना पूर्ण दिसते. अंदाज नाही, ताण नाही. म्हणूनच ही ओळख कानापेक्षा भाषेभोवती तयार होते.

खुणा की भाषा?

आपल्याला वाटतं, खुणा म्हणजे हातवारे. किंवा मराठी, हिंदीचं हाताने केलेलं भाषांतर. तसं नाहीये. 1960 मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिलं की जसे आपले शब्द ध्वनींचे बनतात, तशा खुणाही ठरावीक घटकांच्या बनतात : हाताचा आकार, जागा, हालचाल. एक घटक बदलला की अर्थ बदलतो. ही पूर्ण भाषा आहे, स्वतःच्या व्याकरणासकट.

गंमत बघा. अमेरिका आणि ब्रिटन दोघांची इंग्रजी, पण दोन्हीकडच्या डेफ लोकांच्या भाषा इतक्या वेगळ्या की एकमेकांचं कळत नाही. अमेरिकेतली खुणांची भाषा फ्रान्सच्या भाषेतून आली आहे. आणि आपल्याकडे? भारतीय सांकेतिक भाषेत, म्हणजे आयएसएलमध्ये, शहरागणिक काही खुणा बदलतात, पण व्याकरण बरंचसं एक आहे. त्यामुळे मराठी कुटुंबातली डेफ मुलगी आणि बंगाली कुटुंबातला डेफ मुलगा एकमेकांशी गप्पा मारू शकतात. त्यांच्या आयांना मात्र हिंदी किंवा इंग्रजीचा आधार घ्यावा लागेल.

व्याकरणाचा नमुना म्हणून, “तू कुठे राहतोस?” हे आयएसएलमध्ये साधारण असं होतं : तू, राहणं, कुठे. प्रश्नाचा शब्द शेवटी. नकारही शेवटी. आणि चेहरा हा व्याकरणाचाच भाग असतो. चेहरा कोरा ठेवून खुणा करणं म्हणजे सगळं एका सुरात बोलणं.

आईकडून नाही, मित्रांकडून

आता मुख्य मुद्दा. आपली भाषा, सण, विनोद आपल्याला घरातून मिळतात. पण कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. म्हणजे घरात त्यांची भाषा बोलणारं कुणी नसतं. ती मिळते शाळेत, वसतिगृहात, मित्रांकडून.

मुलं एकत्र आली तर काय होतं, याचं सगळ्यात भारी उदाहरण निकाराग्वाचं. तिथे 1970च्या दशकाच्या शेवटी कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. शिक्षक बोलणं शिकवायचा प्रयत्न करत होते. मुलांनी मात्र खेळाच्या मैदानावर आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकत्र केल्या, आणि लहान मुलांची पुढची तुकडी येईपर्यंत त्यातून एक नवी भाषा आकार घेऊ लागली. मोठ्यांनी न शिकवता!

पण शाळांनीच या भाषेला विरोध केला, हा इतिहास आहे. 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेले जवळपास सगळे ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला की शाळेत बोलणंच शिकवावं, खुणा नकोत. पुढची कित्येक दशकं अनेक देशांत मुलांना खुणा केल्या म्हणून शिक्षा व्हायची. त्याच परिषदेने 2010 मध्ये व्हँकुव्हरला तो ठराव नाकारला आणि खेद व्यक्त केला. मध्ये 130 वर्षं गेली.

आपल्याकडे 1880च्याच दशकात मुंबईत कर्णबधिरांची शाळा सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या शाळांपैकी एक. पुढे आपल्याही बहुतेक शाळांनी बोलण्यावरच भर दिला. ताईच्या शाळेतही वर्गात हात खाली ठेवायला सांगत. मग भाषा कुठे शिकली? “मधल्या सुट्टीत,” ती सांगते.

सारसबागेतला रविवार

गेल्या वर्षी ताईने मला तिच्या शाळेतल्या दोस्तांच्या कट्ट्यावर नेलं. सारसबागेत पंधराएक जण गोल करून बसलेले. गोल का? कारण सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसले पाहिजेत. कुणाला हाक मारायची तर खांद्यावर थाप. टाळ्या वाजवायच्या तर हात वर करून हलवायचे. मला तिथे माझं खुणेतलं नाव मिळालं : नाकावरचा चष्मा वर ढकलायचा. कारण मी दर मिनिटाला तेच करतो म्हणे. हे नाव आपण स्वतः घ्यायचं नसतं, ते समाजाने द्यायचं असतं.

मग कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळे पोट धरून हसायला लागले. मला काहीच कळलं नाही. मी ताईला खुणेने विचारलं, काय झालं? तिने हात हलवला : नंतर सांगते.

तिथे मी गप्प झालो. कारण हे वाक्य माझं होतं. आमच्या सगळ्यांचं होतं. गणपतीत तीस माणसं जेवायला बसायची, मामा किस्से सांगायचा, ताई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायची. तिने विचारलं की आम्ही म्हणायचो, “काही नाही गं, नंतर सांगतो.” नंतर सांगितलंच तर एक वाक्य. आमच्या घरात ठरलेल्या खुणा होत्या दहा-पंधरा : जेव, झोप, चल, आजी आली. आजोबा गेले तेव्हा ताई बारा वर्षांची होती. तिला आकाशाकडे बोट दाखवून सांगितलं. आजोबांना काय झालं होतं, जवळ कोण होतं, हे तिला कळलं पंधरा वर्षांनी, मी चॅटवर लिहिलं तेव्हा.

जगभरातल्या डेफ लोकांचा हा इतका सारखा अनुभव आहे की त्याला नावच पडलंय, ‘डिनर टेबल सिंड्रोम’. तेव्हा मला समजलं की ताई घरी गप्प आणि कट्ट्यावर बडबडी का असते. ताई तीच आहे. कट्ट्यावर तिची भाषा आहे, घरी नव्हती.

मधल्या मध्ये

सगळ्यांची गोष्ट अशीच नसते. माझ्या एका मित्राला कमी ऐकू येतं. तो यंत्र लावतो, छान बोलतो. ऑफिसात म्हणतात, “तुला तर येतं की ऐकू!” आणि मीटिंगमध्ये अर्धं निसटतं. डेफ ग्रुपमध्ये गेला तर याच्या खुणा कच्च्या. दोन्हीकडे पाहुणा. त्याच्यासाठी ओळख हा रोजचा हिशोब आहे : आज यंत्र केसांखाली लपवायचं की दाखवायचं?

कॉक्लिअर इम्प्लांटचंही सांगतो. त्यात कानाच्या आत इलेक्ट्रोड बसवून थेट नसेला संकेत देतात. लहान वयात केलं आणि नंतर थेरपी मिळाली तर पुष्कळ मुलांना चांगला फायदा होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. काही डेफ लोकांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण ‘तुम्ही दुरुस्त करायची वस्तू आहात’ असं त्यातून ऐकवलं जातं. आज दोन्ही वापरणारेही आहेत, इम्प्लांट आणि खुणा. मला वाटतं, आईवडिलांनी निर्णय कुठलाही घ्यावा, फक्त मूल भाषेशिवाय राहू नये. पहिली काही वर्षं भाषेविना गेली तर ती भरून काढणं फार अवघड असतं.

मग आपण काय करायचं?

देशात गोष्टी हलतायत. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्यांच्या शब्दकोशात 2018 मध्ये 3,000 शब्द होते, 2021 मध्ये 10,000 झाले. पण संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांमध्ये ती अजून नाही. दक्षिण आफ्रिकेने 2023 मध्ये आपल्या सांकेतिक भाषेला अधिकृत दर्जा दिला. आपल्याकडेही तीच मागणी आहे.

तुमच्या हातात मात्र आजच फोन आहे. त्या केंद्राचं ‘साइन लर्न’ नावाचं ॲप आहे, रोज दोन खुणा शिका. रील टाकताना कॅप्शन टाका. बोलताना चेहरा उजेडात ठेवा. आणि कुणी “काय झालं?” विचारलं तर “काही नाही” म्हणू नका. तेव्हाच सांगा, पूर्ण सांगा.

शेवटी एक. हे लिहिलेलं मी आधी ताईला पाठवलं. त्यात एक वाक्य होतं, ‘ताईच्या शांत जगात’ वगैरे. तिचं उत्तर आलं : “सारसबागेत तुला शांत वाटलं?” वाक्य काढून टाकलं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐका किंवा वाचा, दोन्ही चालेल.