नाकतोड्याचं घर आणि आपलं रीडेव्हलपमेंट

(नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, ‘रीडेव्हलपमेंट’ हा शब्द नौपाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. गोखले रोडवरून इथवर चालत आलात तरी पत्रे लावलेली एखादी जुनी इमारत दिसली असेलच. म्हणून आज त्याच विषयावरचं एक जुनं कार्टून घेतो आहे. १९४१ सालचं, ‘मिस्टर बग गोज टू टाऊन’. सव्वा तासाचा चित्रपट आहे.

न्यूयॉर्कमध्ये गवताच्या एका तुकड्यावर किड्यांची वस्ती असते. कुंपण मोडतं आणि माणसं तिथून शॉर्टकट मारायला लागतात. आपण सहज फेकलेलं सिगारेटचं थोटूक म्हणजे त्यांच्या घराला आग! हॉपिटी नावाचा नाकतोडा सगळ्यांना शेजारच्या बागेत न्यायचं ठरवतो. पण त्या बागवाल्या जोडप्याचंच घर हातचं जातं आणि तिथे टॉवर उभा राहू लागतो.

आता यातली युक्ती बघा. मॅक्स फ्लायशर यांनी ‘रोटोस्कोप’ नावाचं तंत्र शोधलं होतं. खऱ्या माणसाचं चित्रीकरण करायचं आणि एकेक फ्रेम गिरवून चित्र काढायचं. इथली माणसं तशी काढली, किडे मात्र कल्पनेतून. त्यामुळे होतं काय, किडे आपले वाटतात आणि माणसं परकी.

शेवटी किडे बांधकामाबरोबर मजला-मजला चढत जातात आणि गच्चीवरच्या बागेत त्यांना घर मिळतं. गोड शेवट! पण टॉवर काही थांबलेला नाही. किड्यांचा विचारही कुणी केलेला नाही. तेच जोडपं वर राहायला आलं आणि त्यांना बागेची हौस होती, एवढाच योग.

पडद्यामागे तोही योग नव्हता. चित्रपट डिसेंबर १९४१मध्ये, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दिवसांत आला आणि पडला. १९४२मध्ये पॅरामाउंटने स्टुडिओ ताब्यात घेतला. मॅक्स आणि डेव्ह, दोघेही भाऊ बाहेर. दारावरचं नावसुद्धा बदललं.

तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्लॅन समोर आला, की कार्पेट एरिया विचाराच. पण तळमजल्यावरचा पागडीवाला आणि मागचं चार झाडांचं अंगण कुठे जाणार, हेही विचारा. आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.